बिल्डर, ब्रोकर, म्हाडा की सोसायटी : रिअल इस्टेटमधल्या पगाराबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

बारा वर्षं पुण्यात याच लाइनमध्ये काढलीत. सुरुवात बाणेरला प्री-सेल्सच्या टेबलावर फोन फिरवण्यापासून, मग सोर्सिंग (ब्रोकरांमार्फत ग्राहक आणणं), मग सीआरएम (बुकिंगनंतर ग्राहक सांभाळणं). धाकटा भाऊ डिप्लोमा सिव्हिल करून साइटवर आहे, त्यामुळे हेल्मेटवाल्यांची बाजू पण घरातच ऐकायला मिळते. नातेवाइकांची मुलं, जुने सहकारी, त्यांच्या ओळखीचे असे कोण कोण ऑफर लेटरचे फोटो पाठवून विचारत असतात की ताई यातली कुठली घेऊ. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय.

एकच पोस्ट, एकच शहर, तरी पगारात दुपटीचा फरक कसा काय?

कारण या धंद्यात पगार पोस्टवर कमी आणि प्रोजेक्टवर जास्त ठरतो. साइट इंजिनिअर म्हणजे एका बिल्डरकडे स्लॅब चेकिंग, बीबीएस (सळ्यांचा हिशेब), काँक्रीट पोअर कार्ड (ओतण्याआधीची तपासणी) एवढंच, तर दुसऱ्याकडे तोच माणूस लेबरचा हिशेब, सिमेंटचा स्टॉक, आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) आणि शेजारच्या बंगल्यातल्या काकांची धुळीची तक्रार हे सगळं सांभाळतो. सेल्समध्ये पण तेच, ६० लाखांच्या टू बीएचकेवर बसलेला मुलगा आणि चार कोटींच्या फ्लॅटवर बसलेला मुलगा दोघंही क्लोजिंग मॅनेजरच, म्हणजे साइटवर आलेल्या ग्राहकाशी सौदा पक्का करणारे.

आणि मुख्य म्हणजे पैसा कुठून येतो ते बघा. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात आणि ते जमीन आणि बांधकामासाठीच वापरता येतात, तेही कामाच्या टक्केवारीनुसार. मग ऑफिस, जाहिरात, सेल्सची टीम, ब्रोकरेज हे बरंचसं उरलेल्या ३० टक्क्यांतून नाहीतर बिल्डरच्या स्वतःच्या खिशातून चालतं. ज्याचं बुकिंग थांबलं त्याचा पगार लांबतो, आणि पहिला फटका साइटला नाही तर ऑफिसला बसतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, कंपनीचं नाव नंतर बघा, आधी ज्या प्रोजेक्टवर बसणार तो प्रोजेक्ट बघा.

दोन ऑफर आहेत, एक सहा लाखांची आणि एक पाच लाख दहा हजारांची. सहावाली घेऊ ना?

थांबा, आधी कागद काढा. मागच्या दिवाळीच्या सुमारास माझ्या मावसभावाचं अगदी हेच झालं म्हणून तोच हिशेब देते.

सहा लाखांच्या ऑफरमध्ये १,२०,००० व्हेरिएबल (मिळेलच असं नाही तो भाग) होतं. राहिले ४,८०,०००. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६०० (महिना १,८०० प्रमाणे), ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे साधारण ११,५००, मेडिक्लेमचे ६,०००, हे सगळं सीटीसीत, म्हणजे ऑफरच्या एकूण आकड्यात धरलेलं. उरतात ४,४०,९०० च्या आसपास, म्हणजे महिन्याला ३६,७०० आणि त्यातून पुन्हा तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात ३४,७००.

पाच लाख दहाच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल नव्हतंच. पीएफ आणि ग्रॅच्युइटी वजा केली तर महिन्याला ३९,६०० च्या थोडं वर, कपात होऊन हातात साधारण ३७,६००. म्हणजे कागदावर नव्वद हजारांनी कमी असलेली ऑफर दर महिन्याला तीन हजार जास्त देत होती. व्हेरिएबल शंभर टक्के मिळालं असतं तर सहावाली पुढे गेली असती हे खरंय, पण त्याच्या लेटरमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की व्हेरिएबल देणं न देणं मॅनेजमेंटच्या मर्जीवर. ती ओळ असेल तर तो आकडा शून्य धरायचा आणि मगच तुलना करायची, माझा नियम एवढा सरळ आहे.

हो, आणि प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त २,५०० असतो, फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापतात, त्यावरून एचआरशी भांडू नका. बायकांना महिना २५,००० पगारापर्यंत तो लागतच नाही.

नवीन लेबर कोडमुळे काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड लागू झाले. आपल्या लाइनसाठी कामाच्या गोष्टी तीन-चारच. एक, बेसिक, डीए वगैरे मिळून ‘वेजेस’ एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या खाली ठेवता येत नाहीत, आधी कित्येक बिल्डर बेसिक मुद्दाम बारीक ठेवायचे आणि बाकी सगळं स्पेशल अलाउन्समध्ये टाकायचे. दोन, फिक्स्ड टर्मवर घेतलेल्या माणसाला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, पाच वर्षं थांबायला नको, आणि साइटवरचे किती तरी इंजिनिअर प्रोजेक्टपुरतेच घेतलेले असतात त्यांना हे माहीतच नसतं. तीन, अपॉइंटमेंट लेटर लेखी द्यायलाच पाहिजे. आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत.

इन्सेन्टिव्हचं नक्की काय असतं? इंटरव्ह्यूमध्ये तर महिन्याला लाख लाख सांगतात.

सांगतात, आणि काहींना मिळतातही, मी स्वतः बघितलेत. पण इन्सेन्टिव्ह ‘किती’ यापेक्षा ‘कधी’ विचारा. फ्लॅट बुक झाला म्हणजे इन्सेन्टिव्ह पिकला असं नसतं. रेरानुसार अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तुमचा इन्सेन्टिव्ह अ‍ॅग्रीमेंट रजिस्ट्रेशन झालं आणि बँकेचं पहिलं डिस्बर्समेंट (लोनचे पैसे) आलं की मगच. मध्ये ग्राहकाचं लोन अडकलं, सासऱ्यांना वास्तू पटली नाही, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा) निघायला उशीर झाला, तर तुमचे पैसे लटकले.

समजा ८० लाखांचा फ्लॅट आणि पाव टक्का इन्सेन्टिव्ह, म्हणजे २०,०००. महिन्याला दोन विकले तर ४० हजार, ऐकायला छान. आता लेटरमध्ये हे शोधा : स्लॅब आहे का, म्हणजे तीन फ्लॅट झाले नाहीत तर एक रुपया नाही असं तर नाही ना? कॅन्सलेशन झालं तर आधी दिलेला इन्सेन्टिव्ह पगारातून परत कापणार का? डील चॅनल पार्टनरकडून (बाहेरच्या ब्रोकरकडून) आलं तर तुमचा टक्का अर्धा होतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोकरी सोडल्यावर राहिलेला इन्सेन्टिव्ह मिळणार का.

हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. एका ठिकाणी माझे अकरा फ्लॅट अ‍ॅग्रीमेंटच्या रांगेत असताना मी राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला, हँडओव्हर दिलं, आणि मग सांगण्यात आलं की पेआउटच्या दिवशी जो रोलवर आहे त्यालाच इन्सेन्टिव्ह. लेटरच्या तिसऱ्या पानावर ते होतं, मी सही केलेलं. त्या अकरांपैकी एक कुटुंब आजही भेटलं की म्हणतं ताई तुमच्यामुळे घर झालं, आणि खूप बरं वाटतं, पण ते पैसे गेले ते गेलेच. तेव्हा तिसरं पान वाचा.

पगार वेळेवर होतो का हे जॉइन व्हायच्या आधी कसं कळणार? एचआर तर हो म्हणणारच.

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि याला फुकटात उत्तर मिळतं.

पहिलं ठिकाण महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची वेबसाइट. लोक ती फ्लॅट घेताना बघतात, नोकरी घेताना कुणी बघत नाही. बिल्डरचं नाव टाका, त्याचे सगळे प्रोजेक्ट येतात. पझेशनची मूळ तारीख काय होती आणि मुदतवाढ किती वेळा घेतली, किती युनिट बुक झालेत, तक्रारी आणि कोर्ट केसेस किती, दर तिमाहीला भरायची माहिती वेळेवर भरलीय का. शेवटचा मुद्दा हलका घेऊ नका, २०२३ मध्ये तिमाही माहिती भरली नाही म्हणून महारेराने तीनशेच्या वर प्रोजेक्टची नोंदणी स्थगित केली, खाती गोठवली, जाहिरात-विक्री सगळं बंद. अशा प्रोजेक्टच्या सेल्स टीमचं त्या महिन्यात काय झालं असेल विचार करा.

दुसरं ठिकाण ईपीएफओची, म्हणजे पीएफ खात्याची साइट. तिथे एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती माणसांचा भरला ते दिसतं. जो मालक तीन-तीन महिने पीएफ उशिरा भरतो त्याचा पगारही ओढाताणीतच असतो, मला तरी अजून अपवाद दिसलेला नाही. आणि माणसांचा आकडा वर्षभरात एकशे चाळीसवरून ऐंशीवर आला असेल तर एचआरला विचारायची गरजच नाही.

तिसरं ठिकाण साइटच्या बाहेरची चहाची टपरी. खरंच सांगतेय. वाघोलीच्या एका साइटबद्दल भावाला ऑफर होती, आम्ही दोघं रविवारी सकाळी जाऊन बसलो. टपरीवाल्या काकांकडे वही होती, साइटच्या स्टाफची उधारी मांडलेली. एक-दोन नाही, आठ-दहा पानं, आणि प्रत्येक नावापुढे बाकी वाढत गेलेली. काका म्हणाले, ‘आधी दहा तारखेला सगळे चुकते करायचे, आता दोन महिने झाले कुणी हिशेब विचारत नाही.’ कुठलाही पगारदार माणूस टपरीची उधारी हौसेने ठेवत नाही. भावाने ती ऑफर नाही घेतली. कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरशी पण बोला, आरए बिलं निघताहेत का, स्टील आणि आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या येताहेत का. गाड्या येत असतील तर पैसा फिरतोय.

ऑफर लेटर बिल्डरच्या नावाने नाही, भलत्याच एलएलपीच्या नावाने आलंय. फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. मोठमोठे ग्रुप प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढतात, त्यात गैर काही नाही. पण त्याचा तुमच्यावर परिणाम होतो. प्रोजेक्ट संपला, तुम्हाला ग्रुपच्या दुसऱ्या एलएलपीत हलवलं, आणि कागदावर राजीनामा-नवीन जॉइनिंग दाखवलं, की तुमची सलग नोकरी तुटली असं म्हणायला जागा होते आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा शून्यापासून मोजायची वेळ येते. त्यामुळे बदलीच्या वेळी ‘आधीची सेवा धरली जाईल’ एवढं एक वाक्य लेखी मागून घ्या. मेलवर सुद्धा चालेल, पण तोंडी नको. पीएफचा यूएएन (कायमचा नंबर) मात्र एकच राहिला पाहिजे.

लिस्टेड कंपनी बरी की आपल्या भागातला घरगुती बिल्डर?

लिस्टेड कंपनीची गंमत अशी की तिला लपवता येत नाही. लोढा, ओबेरॉय रिअल्टी, गोदरेज प्रॉपर्टीज, महिंद्रा लाइफस्पेस, सनटेक, कोलते-पाटील, रुस्तमजीवाली कीस्टोन, या सगळ्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या वेबसाइटवर असतात. कंपनी कायद्याप्रमाणे त्यात डायरेक्टरचा पगार मीडिअन (पगाराच्या क्रमात बरोबर मधल्या) कर्मचाऱ्याच्या किती पट आहे आणि मीडिअन पगार वर्षभरात किती टक्के वाढला हे द्यावंच लागतं. शिवाय बाजारमूल्याने पहिल्या हजारात असलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा आहे, त्यात कायम कर्मचाऱ्यांपैकी किती टक्के लोक सोडून गेले, पुरुष आणि बायकांचा मीडिअन पगार वेगळा वेगळा, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, हे सगळं छापलेलं असतं. दोन कंपन्यांचे हे अहवाल शेजारी ठेवून फक्त ‘टर्नओव्हर रेट’ ही ओळ बघितली तरी पुष्कळ कळतं. एवढंच लक्षात ठेवा की साइटवरचे कॉन्ट्रॅक्टरचे कामगार त्या मीडिअनमध्ये नसतात.

घरगुती बिल्डरकडे हे काही मिळत नाही, पण शिकायला भरपूर मिळतं. सातबारा, झोन दाखला, एनए, प्लॅन सॅंक्शन, कमेन्समेंट, भोगवटा, सगळं एकाच टेबलावरून जातं आणि दोन वर्षांत माणूस तयार होतो. मोठ्या कंपनीत पाच वर्षं फक्त डिमांड लेटर पाठवणारी मुलं मी बघितलीत. माझं मत म्हणाल तर पहिली तीन वर्षं नाव खराब नसलेल्या मध्यम बिल्डरकडे काढावीत आणि मग मोठ्याकडे उडी मारावी, उलटं केलं तर छोट्या ऑफिसात जीव रमत नाही.

आकडे तरी सांगा. साधारण किती मिळतं?

हे माझ्याकडे आलेल्या ऑफर लेटरवरून आहे, पुणे आणि आसपासचं, सर्व्हे वगैरे नाही. फ्रेशर डिप्लोमा साइटवर १५ ते २० हजार, बीई सिव्हिल फ्रेशर १८ ते २५, हे आकडे बघून दर वेळी वाईट वाटतं कारण तेवढंच शिकलेला आयटीतला मुलगा पहिल्या दिवशी जास्त घेतो. पण तीन-चार वर्षांनी बिलिंग, प्लॅनिंग किंवा एमईपीकडे (वीज, प्लंबिंग वगैरे कामांकडे) वळलेले ४० ते ६० पर्यंत गेलेले दिसतात, नुसत्या एक्झिक्युशनला राहिलेले मागे पडतात. प्री-सेल्स १८ ते २५ अधिक साइट व्हिजिटमागे थोडे पैसे. सोर्सिंग, क्लोजिंग ३० पासून ७०-८० पर्यंत, प्रोजेक्टच्या किमतीवर. सीआरएमला फिक्स बरं असतं, इन्सेन्टिव्ह नावापुरता, पण रविवार सोडला तर डोकं शांत. लायझनिंगवाला (सरकारी परवानग्या आणणारा) चांगला असेल तर त्याचा पगार कुणी उघड सांगत नाही.

मुंबईचे आकडे वर असतात, पण डोंबिवलीहून लोअर परळला रोज जाणं-येणं नाहीतर अंधेरीत भाडं, दोन्हीतलं एक वजा करूनच तुलना करा.

साइटची नोकरी असेल तर राहायची सोय, जेवण, बाइकचं पेट्रोल हे पण धरा. वीस हजार अधिक खोली हे शहराच्या पलीकडच्या साइटवर पंचवीसला भारी पडतं.

चॅनल पार्टनर फर्म, मॅन्डेट कंपनी, पोर्टल, आणि त्या परदेशी नावाच्या कन्सल्टन्सी, यात फरक काय?

चॅनल पार्टनर म्हणजे ग्राहक आणून देणारा, त्याला डील झाल्यावर कमिशन. मॅन्डेट कंपनी अख्ख्या प्रोजेक्टची विक्रीच अंगावर घेते, तिथे टार्गेट सगळ्यात कडक आणि बिल्डरने पैसे दिले नाहीत तर तुमचे पण अडकतात, म्हणजे तुमचा पगार दोन मालकांच्या हातात. ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग, नोब्रोकर इथलं काम बरंचसं जाहिरात किंवा सबस्क्रिप्शन विकण्याचं, मालमत्तेचं ज्ञान तेवढं होत नाही पण पगार तारखेला होतो. जेएलएल, सीबीआरई, कुशमन, कोलिअर्स, नाइट फ्रँक इथे ऑफिस लीझिंग, व्हॅल्युएशन, फॅसिलिटी, प्रोजेक्ट मॅनेजमेंट अशी कामं, इंग्रजी आणि एक्सेल पक्कं लागतं. फक्त एक तपासा, खूपदा तुम्ही त्यांच्या नावाचा शर्ट घालून क्लायंटच्या बिल्डिंगमध्ये बसता आणि पगार मात्र तिसऱ्याच एजन्सीकडून येतो.

नोकरीत काय ठेवलंय, स्वतःचीच ब्रोकरेज टाकली तर?

टाका, पण कायद्याने. महारेराची एजंट नोंदणी वैयक्तिक असेल तर १०,०००, फर्म असेल तर एक लाख, पाच वर्षांसाठी. त्याच्या आधी २० तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा पास व्हावी लागते, पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. नोंदणी नसताना नोंदणीकृत प्रोजेक्टमधला फ्लॅट विकलात तर दिवसाला १०,००० प्रमाणे दंड आहे, फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. नोंदणी राज्यापुरतीच, पुण्यात बसून गोव्यातले फ्लॅट आणि प्लॉट विकायचे तर गोवा रेराची वेगळी. बिल्डरकडे नोकरी करून ग्राहकांशी बोलणाऱ्यांनी पण ते सर्टिफिकेट काढून ठेवा, इंटरव्ह्यूत उपयोगी पडतं.

हिशेब असा. कमिशनवर २ टक्के टीडीएस कापून येतो (ऑक्टोबर २०२४ आधी ५ होता), वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आणि १८ टक्के जीएसटी. बिल्डरकडून पैसे तीन-चार महिन्यांनी येणं हे नेहमीचंच. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर नोकरी सोडू नका, भाड्याच्या डीलवर सुरुवात करा, एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज मिळतं आणि ते लगेच मिळतं.

अर्धा पगार बँकेत अर्धा हातात, चालेल का? मालक म्हणतो टॅक्स वाचेल.

नाही चालणार. माझ्या ओळखीतल्या एकाने सात वर्षं दुसऱ्यांना घरं विकली आणि स्वतःच्या वन बीएचकेसाठी बँकेत गेला तर बँकेने स्लिपवरचे सोळा हजारच धरले, हातात मिळणारे सोळा कुणी धरेना. लोन बसलं नाही. नवीन टॅक्स रेजीममध्ये १२ लाखांपर्यंत उत्पन्नावर तसाही टॅक्स लागत नाही, मग वाचवतोय कोण आणि कुणाचं? पीएफ वाचतो, तो मालकाचा.

म्हाडा, सिडकोमध्ये जायचंय. प्रायव्हेटशी तुलना कशी करू?

पगार वेतनश्रेणीने असतो. राज्य सेवेतला कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) एस-१४, म्हणजे बेसिक ३८,६०० पासून, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. प्रायव्हेटमधला बीई फ्रेशर त्याच्या जवळपासही नाही. अडचण भरतीची आहे, ती रोज निघत नाही. म्हाडाने २०२१ मध्ये ५६५ जागा काढल्या, डिसेंबरमध्ये पेपरफुटीच्या प्रकरणामुळे परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली, मुलं गावाहून सेंटरवर निघालेली होती. नंतर २०२२ मध्ये ऑनलाइन झाली. म्हणून नोकरी करता करता अभ्यास करा, साइट सोडून तीन वर्षं नुसती रूमवर काढू नका, माझं कळकळीचं सांगणं आहे.

सोसायटी मॅनेजरचं काम कमी दर्जाचं आहे का?

अजिबात नाही, आणि पुढे हेच काम वाढणार आहे. हिंजवडी, खराडी, वाकडकडे सहाशे-आठशे फ्लॅटची कॉम्प्लेक्स आहेत, एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया), लिफ्ट, डीजी (जनरेटर), टँकर, मेंटेनन्सची थकबाकी, एजीएमचं इतिवृत्त, सगळं एक माणूस बघतो. अशा ठिकाणी ३० ते ५० हजार मिळताना बघितलेत. सहकार खात्याची जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेब) किंवा सीएचएम (हाउसिंग सोसायटी व्यवस्थापन) परीक्षा दिलेली असेल तर कमिटी लगेच वेगळ्या नजरेने बघते, दोन्ही परीक्षा वर्षातून एकदाच होतात. तुलना करताना एवढंच बघा की पगार सोसायटी थेट देते की फॅसिलिटी एजन्सी, कारण एजन्सी बदलली की माणूस बदलतो, आणि कमिटी बदलली की एजन्सी.

होम लोन कंपन्यांमध्ये?

बजाज हाउसिंग फायनान्स पुण्याचीच, एलआयसी हाउसिंग, पीएनबी हाउसिंग, शिवाय सगळ्या बँका. फिक्स पगार बिल्डरच्या सेल्सपेक्षा कमी वाटेल पण पीएफ, मेडिक्लेम, तारीख सगळं जागेवर. फक्त तुम्ही कंपनीच्या रोलवर की डीएसएच्या (बाहेरच्या लोन एजंटच्या), ते विचारा.

मुलींनी साइटवर किंवा सेल्समध्ये जॉइन होताना काय बघावं?

साइटवर बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे का, हे मी पहिलं बघते. सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूमला कुलूप आणि खाली पत्र्याचा एकच आडोसा, अशी साइट असेल तर पगार कितीही असो, बाकीच्या गोष्टी तशाच असणार. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती पाहिजे, तिच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावलेली असली पाहिजेत. साइट व्हिजिटला एकटीला अनोळखी ग्राहकाच्या गाडीतून पाठवतात का, सातनंतर थांबावं लागलं तर गाडी कोण देतं, हे विचारायला लाजू नका. बाळंतपणाची रजा २६ आठवडे भरपगारी आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की झालं.

दुबईची ऑफर आहे, जाऊ का?

सेल्सची असेल तर पहिला प्रश्न, फिक्स आहे की फक्त कमिशन? तिथे बऱ्याच ब्रोकरेज फर्म नुसत्या कमिशनवर घेतात, आणि पहिलं डील होईपर्यंत खोलीचं भाडं तुमचं. ब्रोकर कार्ड लागतं, त्यासाठी ट्रेनिंग आणि परीक्षा, तो खर्च कोण करणार ते लिहून घ्या. इंजिनिअरची नोकरी असेल तर बेसिक किती आहे ते बघा, कारण वर्षाला २१ दिवसांची ग्रॅच्युइटी बेसिकवरच मिळते. इथला एजंट ई-मायग्रेटवर (परदेशी नोकऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर) नोंदलेला आहे का तपासा, त्याला ३०,००० अधिक जीएसटीपेक्षा जास्त फी घेता येत नाही. दीड-दोन लाख मागत असेल तर उठून या.

तीन महिने पगार नाही. सोडू की थांबू?

‘पुढच्या महिन्यात लोन डिस्बर्स होणार आहे, सगळ्यांचं एकदम करू’ हे वाक्य ऐकलं की तारीख लिहून ठेवा. मी स्वतः दोन महिन्यांच्या पुढे थांबायचा सल्ला देत नाही. सोडायच्या आधी सॅलरी स्लिप, हजेरी, मेल, इन्सेन्टिव्ह शीट स्वतःकडे घ्या, उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक बघा. राजीनाम्यात थकीत रक्कम आकड्यात लिहा. नवीन कायद्याप्रमाणे नोकरी सोडल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत द्यायचा असतो. मिळाला नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा, एकट्याने न करता चार-पाच जणांनी मिळून केला तर लवकर हलतं. बिल्डर दिवाळखोरीत गेलाच आणि कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कामगारांचे मागचे २४ महिने तारण असलेल्या कर्जदात्यांच्या बरोबरीने आणि इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिने त्यानंतर, असा क्रम आहे, त्यासाठी वेळेत क्लेम फॉर्म भरावा लागतो.

आणि ओरिजिनल मार्कशीट किंवा कोरा चेक जॉइन होताना कुणालाही द्यायचा नाही. दिलेला असेल तर आधी तो परत घ्या, मग राजीनामा.

ऑनलाइन रिव्ह्यूवर विश्वास ठेवायचा का?

तारखा बघून ठेवायचा. एकाच आठवड्यात पाच-पाच स्टारचे दहा रिव्ह्यू आले असतील तर ते सोडून द्या, आणि ज्यात ‘इन्सेन्टिव्ह डिसेंबरचा एप्रिलमध्ये मिळाला’ असं नेमकं लिहिलंय ते वाचा. त्यापेक्षा त्या कंपनीतून सहा महिन्यांपूर्वी सोडलेल्या दोन माणसांना फोन करा. या लाइनमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात, तासाभरात नंबर मिळतो.

इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात तेव्हा काय विचारू?

मी हे विचारते : या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं. मागच्या तिमाहीचा इन्सेन्टिव्ह कुठल्या तारखेला झाला. आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी, कारण सेल्सला शनिवार-रविवार नसतो, सुट्टी मंगळवारसारख्या मधल्या वारी मिळते आणि ती पण गुढीपाडवा, दसऱ्याच्या आधी महिनाभर जाते. मी कुठल्या प्रोजेक्टवर बसणार आणि त्यात अजून किती फ्लॅट शिल्लक आहेत. पाचच फ्लॅट राहिले असतील तर तुम्हाला पाच फ्लॅटपुरतंच घेताहेत, पुढचा प्रोजेक्ट कुठला आणि त्याचा रेरा नंबर आला का ते तिथेच विचारा. नंबर दिला तर बाहेर पडल्यावर गाडीला किक मारायच्या आधी मोबाइलवर टाकून बघा.